तिसरी रेघ

त्या वर्षी दसऱ्यानंतर धरणगावजवळच्या एका गावाच्या शिवारात कापूस एकदम फुटला. दरसाल तो दोन-तीन वेच्यांत सावकाश घरी यायचा; यंदा मात्र सगळी बोंडं एकाच आठवड्यात उघडली आणि पिंपळनेरकडून येणारी वेचणाऱ्यांची टोळी काही आली नाही. आभाळ रोज दुपारून भरून यायचं. त्यामुळे झुलालआबांच्या घरात ज्याला हात होते तो वावरात होता. आबा होते, मुलगा भूषण होता, आबांची बायको प्रमिलाबाई होती आणि आठवा महिना लागलेली सून दिपमालाही होती.

दिपमालानं वाकू नये म्हणून प्रमिलाबाईनं तिला उंच झाडांच्या ओळीचं तास दिलं होतं. सासू म्हणून ती वाईट नव्हती. सुनेला दोन घास जास्तच वाढायची, हंडा उचलू द्यायची नाही. पण कापूस तो कापूस. ओटीला बांधलेल्या फडक्यात बोंडं टाकत दिपमाला चालायची, आणि पांढऱ्याफेक वावरावरून उन्हाची तिरीप डोळ्यांत शिरायची.

एका शनिवारी ती तासाच्या मध्येच उभी राहिली. दोन्ही हातांनी कपाळ दाबलं.

"आत्याबाई, डोकं दुखी ऱ्हायनं."

"उन लागनं व्हई," प्रमिलाबाई म्हणाली. "लिंबडाखाले बस जराशी. पानी पे."

दुसऱ्या दिवशीही दुखलं. तिसऱ्या दिवशी उलटी झाली. मग मात्र प्रमिलाबाई मनाशी म्हणाली, हे ऊन नाही, ही जुनीच आहे.

जुनी म्हणजे अर्धशिशी. आणि अर्धशिशी म्हटलं की पंचक्रोशीत प्रमिलाबाईचंच नाव निघायचं. रविवारी पहाटे तिच्या ओट्यापुढं चार-दोन माणसं फडकं बांधून बसलेली असायचीच. कुणी नशिराबादहून फटफटीवर यायचं, कुणी कॉलेजात शिकणारी मुलगी आईसोबत यायची. सूर्य वर यायच्या आधी प्रमिलाबाई दुधात उगाळलेल्या सुंठेचा लेप त्यांच्या कपाळावर द्यायची, चिंधी करकचून बांधायची, पूर्वेला तोंड करून बसवायची. मग विळ्याच्या टोकानं त्यांच्यापुढं मातीत एक रेघ ओढायची. एका रविवारी एक, असे तीन रविवार. तिसऱ्या रविवारी पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधायचा आणि सूर्याची कोर दिसताच तिसरी रेघ पुरी करायची. ती पडली की अर्धशिशी कापली गेली. या तीन रविवारांत गोळी घ्यायची नाही, सुई टोचायची नाही. त्याबद्दल ती कुणाकडून साधा नारळसुद्धा घेत नसे. विळा सासूचा होता, विद्या सासूची होती, आणि तिचा मान तिला पुरेसा होता.

दिपमालाला माहेरपासूनच अर्धशिशीचा त्रास. तिसऱ्या महिन्यात तर तिचं अर्धं डोकं असं ठणकायचं की दाराची कडी वाजली तरी ती कळवळायची. तेव्हा प्रमिलाबाईनं तीन रविवार कापली होती. मधल्या दिवसांत तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवलं, वेळच्या वेळी भाकर-दूध दिलं, मोबाईल हातात घेऊ दिला नाही, कामाला हात लावू दिला नाही. दुखणं गेलं. ते रेघांनी गेलं की झोपेनं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. भूषणनं तर गावभर सांगितलं होतं, मन्ही माय डॉक्टर शे.

आता पुन्हा आली होती, तर पुन्हा कापायची.

पण या खेपेला आणखी एक गोष्ट प्रमिलाबाईच्या पोटात सलत होती. पोळ्याच्या सुमाराला अंगणवाडीत बायकांची बैठक झाली होती. गावची आशाताई कोकिळा, म्हणजे नथ्थूची सून, खुर्चीवर बसून सांगत होती. "पोटुशा बाईचं डोकं दुखलं तर आधी मला सांगायचं. ओट्यावर कापून घेत बसायचं नाही." बायका फिसकन हसल्या होत्या. प्रमिलाबाई तिसऱ्या ओळीत बसली होती. कालची पोर, जिची स्वतःची अर्धशिशी तिनं दोनदा कापली होती, ती सगळ्यांसमोर असं बोलली! प्रमिलाबाई बैठक संपेपर्यंत बसून राहिली, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पहिला रविवार झाला. पहिली रेघ पडली.

दिपमालाला उतार पडला नाही. "कोनी बाजूले दुखस?" प्रमिलाबाईनं विचारलं.

"बठ्ठंच दुखस, आत्याबाई. आठे, पुढे. डोयास्पुढे चमकस."

"चमकसच अर्धशिशीमा. मागे चमके ना?"

"मागे अर्धंच दुखे."

प्रमिलाबाईनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिसऱ्या महिन्यात दिलेली अंधारी खोली या वेळी नव्हती, कारण वावर पुढ्यात होतं. सकाळी दोन तास वेचायचं, मग लिंबाखाली पडायचं, उन्हं कलली की पुन्हा उठायचं, असा दिपमालाचा दिवस जात होता. तिचं तोंड भरलं होतं. शेजारणी म्हणायच्या, "माय वं, कशी गोरीगोमटी दिसू लागनी! तेज उनं तोंडवर." दिपमाला हसायला जायची आणि डोळे मिटून घ्यायची. चपलेत पाय मावेना म्हणून ती भूषणच्या जुन्या स्लिपरा घालू लागली.

गुरुवारी कोकिळा दारात आली. खांद्याला पिशवी, पिशवीत बीपी मोजायचं यंत्र.

"काकू, दिपमाला घर शे का? दोन महिनापासून मोजेल नही तिन्हं."

दिपमाला आतच होती. सकाळी तिला वावरात दोन उलट्या झाल्या होत्या, म्हणून अंधारात पडली होती. मधल्या दाराला पडदा होता.

"वावरमा गयी ती," प्रमिलाबाई म्हणाली.

"आठव्या महिनामा?"

"आम्ही नव्व्या महिनालोंग कापूस येचं. काय व्हयनं आम्हले?"

"मंग वावरमा जासू मी."

"भूषण लई जाई तिले दवाखानामा. तू कसाले पायपीट करस?"

कोकिळा क्षणभर पडद्याकडं बघत राहिली. मग निघून गेली. प्रमिलाबाई आत आली तर सून उघड्या डोळ्यांनी आढ्याकडं बघत पडली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.  प्रमिलाबाई म्हणाली, "ती गोया देई. गोयी लिधी म्हंजे पहिली रेघ वाया गयी. दोनच रविवार ऱ्हायनात, बेटा."

दिपमालानं मान हलवली. सासूवर तिचा खरोखरच विश्वास होता, आणि पुढं प्रमिलाबाईला सगळ्यात जास्त तेच खाऊ लागलं.

दुसरा रविवार झाला. दुसरी रेघ पडली. पुढच्या गुरुवारी कोकिळा पुन्हा आली, तेव्हा दिपमालाला खरंच वावरात धाडलेलं होतं, पार नाल्याकडच्या टोकाला. कोकिळा बांधापर्यंत गेली, हाका मारल्या आणि परतली. शुक्रवारपासून दिपमालाच्या बरगडीखाली दुखू लागलं. प्रमिलाबाईनं ओवा चावायला दिला.

का थांबवलं असेल तिनं सुनेला? कोकिळाचा राग होता हे खरं. पण त्याखाली एक जुनी भीती होती, आणि ती रागापेक्षा मोठी होती.

बत्तीस वर्षांमागं प्रमिलाबाई या घरात नवी आली तेव्हा मोठी जाऊ मंदाबाई आठव्या महिन्यात होती. तिचंही डोकं दुखायचं. सासूनं कापायला घेतलं. दोन रेघा पडल्या, आणि मधल्या शुक्रवारी मंदाबाईचे हातपाय झटकू लागले, दातखीळ बसली. बैलगाडीत घालून धरणगावला नेताना अर्ध्या वाटेत ती गेली, पोटातल्या जिवासकट. तेराव्याला सासू चुलीपुढं बसून म्हणाली होती, "तिसरी रेघ ऱ्हाई गयी. तिसरी पडती तं वाचती." एकोणीस वर्षांच्या प्रमिलानं ते वाक्य उराशी बांधून ठेवलं. पुढं विळा हातात आल्यावर तिनं कुणालाही दोन रेघांवर उठू दिलं नाही. दिपमालाच्या दोन पडल्या होत्या. तिसरी पडेपर्यंत तिला हलवायचं नाही, एवढंच प्रमिलाबाईला कळत होतं.

तिसऱ्या रविवारी पहाटे गारठा होता. ओट्यापुढं पाच माणसं बसली होती. त्यांत लीलाधर शिंपी होता, नशिराबादची दोघं नवराबायको होती, शेजारची एक म्हातारी आणि तिची नात होती. अंगणात भूषणची पिकअप कापसानं भरून, ताडपत्री बांधून उभी होती. पाऊस यायच्या आत जिनिंगला पोचवायची म्हणून तो काच पुसत होता. आबा ओट्यावर चहा घेत होते.

प्रमिलाबाईनं सुनेला हाताला धरून बाहेर आणलं. दिपमाला भिंत चाचपडत चालत होती.

"माले दोन-दोन दिसी ऱ्हायनं," ती म्हणाली. "आबा बी दोन दिसतस."

"आज तिसरी शे. आज सुटशी तू."

पूर्वेला तोंड करून बसवलं. लेप दिला. चिंधी बांधली. मातीतल्या दोन रेघा प्रमिलाबाईनं पुन्हा गडद केल्या आणि तिसरी ओढायला घेतली. विळ्याचं टोक वीतभर सरकलं आणि तिला आठवलं, दोरा बांधायचा राहिला. विळा तिथंच मातीत टेकवून तिनं सुनेचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला.

पाय जड होता. जोडवं बोटात इतकं रुतलं होतं की चांदी दिसत नव्हती, दोन्ही बाजूंनी कातडं वर आलं होतं. पाय नीट धरावा म्हणून प्रमिलाबाईनं नडगीवर अंगठा दाबला. काढला. तिथं खळगा पडला होता. ती बघत राहिली. खळगा भरेना. मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा तो तिथंच राहिला.

हा खळगा तिनं पाहिला होता.

मंदाबाईचे पाय ती रोज चेपायची. नवी नवरी, जावेची सेवा करायची म्हणून. अंगठा दाबला की असाच खळगा पडायचा, आणि मंदाबाई हसून म्हणायची, "देख वं प्रमिला, मन्हा पायमा इहीर पडनी." दोघी खेळ केल्यागत खळगे पाडत बसायच्या. बत्तीस वर्षांत प्रमिलाबाईला रेघा आठवत राहिल्या. पाय आठवले नव्हते. आता आठवले. सुजलेलं तोंड आठवलं, बरगडीखाली ठेवलेला हात आठवला, दोन-दोन दिसतंय म्हणणारी जाऊ आठवली. मंदाबाई रेघ राहिली म्हणून गेली नव्हती. तिला मरण येत होतं आणि घर रेघा मोजत बसलं होतं.

"आत्याबाई, सूर्य निंघना का?" दिपमालानं विचारलं. तिचे डोळे पूर्वेकडंच होते. आणि कोर खरंच वर आली होती.

प्रमिलाबाईचा हात आपोआप विळ्याकडं गेला. वीतभर ओढलेली रेघ पुढ्यात होती. आणखी दोन वीत, की झालं. तेवढ्याला कितीसा वेळ लागतो? सोडली आणि सासूचंच खरं निघालं तर?  पाच माणसं बघत होती. लीलाधर म्हणाला, "वहिनी, कोर गयी वर."

तिनं विळा उचलला आणि अंगणापलीकडं उकिरड्यावर भिरकावून दिला.

"भूषण! गाडी रिकामी कर!"

"काय व्हयनं, माय?"

"कापूस खाले टाक. तिले दवाखानामा लई जानं शे. आत्ते."

"वं, पन तिसरी—" म्हातारी शेजारीण उठली. "अर्ध्यावर नको सोडू, प्रमिला. तूच सांगस ना!"

"ही अर्धशिशी नही शे," प्रमिलाबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण ओट्यापुढच्या सगळ्यांना ऐकू गेला. "मन्हाकडतून नही व्हवाव हाई. माले समजनंच नही. तुम्ही बी उठा. घर जा."

 नशिराबादच्या बाईनं कपाळावरची चिंधी सोडली आणि ती हातात घेऊन उभी राहिली.

आबांनी आणि लीलाधरनं ताडपत्री ओढली. आठवडाभर चौघांनी वेचलेला कापूस अंगणात, शेणामातीत, नळाच्या ओलीवर पडला. आभाळात ढग होतेच. भूषणनं एकदा त्या ढिगाकडं पाहिलं आणि फाळका बंद केला. प्रमिलाबाई कोकिळाच्या दारात धावत गेली. कोकिळा भाकरी थापत होती. सासूच्या वयाची बाई उंबऱ्यावर उभी राहून धापा टाकत होती, आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "तुन्ही मशीन लई ये. मी खोटं बोलनू व्हतू."

कोकिळानं पिठाचे हात तसेच पदराला पुसले. गाडीत बसता बसता तिनं दिपमालाच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आकडा पाहिला आणि तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. आकडा तिनं मोठ्यानं वाचला नाही. "चालव भाऊ," ती भूषणला म्हणाली, "खड्डा सांभाळ, पण चालव."

आबा आणि कोकिळा मागच्या हौद्यात बसले; पुढच्या सीटवर दिपमाला प्रमिलाबाईच्या खांद्याला टेकून होती. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं म्हणून प्रमिलाबाईनं पदर धरला होता. वाटेत पुलापाशी तिला वाटलं, मंदाबाई गेली ती हीच जागा. ती सुनेच्या कानाशी बोलत राहिली, काय बोलत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात सुई दिली, सलाईन लावलं आणि पुढं जळगावला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं नर्सनं पाय पाहिले आणि पक्कड मागवली. जोडवी दोन्ही पायांची कापावी लागली. सवाष्णीचं जोडवं असं तोडलेलं प्रमिलाबाईनं कधी पाहिलं नव्हतं. चार तुकडे तिच्या तळहातावर पडले. तिनं ते पदराच्या गाठीत बांधले.

डॉक्टर तरुण बाई होती. कागद भरता भरता तिनं विचारलं, "डोकं किती दिवसांपासून दुखतंय?"

आबा पुढं झाले. घराची अब्रू सांभाळायची आबांना जुनी सवय. "कालपासूनच, मॅडम. काल रात्रीच सुरू झालं."

भूषण खाली बघू लागला.

"बावीस दिवस," प्रमिलाबाई म्हणाली.

डॉक्टरनं पेन थांबवला. "बावीस? आणि आणलं नाही? गावात आशाताई नाही का तुमच्या?"

"शे ना. ती दोनदा उनी." प्रमिलाबाईनं मागं उभ्या असलेल्या कोकिळाकडं पाहिलं नाही, पण बोलणं थांबवलं नाही. "पोरगी आतच व्हती. मीच सांगं, घर नही म्हनीसन. उलट्या वीस दिवसपासून. बरगडीखाले शुक्रवारपासून दुखस. आज सकायपासून दोन-दोन दिसतस तिले. बठ्ठं लिखी ल्या. मी नही येऊ दिधं तिले."

आबा हळूच म्हणाले, "आवं, जाऊ दे ना."

"लिखू द्या," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं प्रमिलाबाईला वाटलं. तिनं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "रक्तदाब फार वाढलाय. झटके यायच्या आत बाळ बाहेर काढावं लागेल. आज आणलंत म्हणून निदान ते तरी करता येतंय." मग ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं.

त्या दाराबाहेरच्या बाकावर प्रमिलाबाई दिवस कलेपर्यंत बसली. कोकिळानं दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा तो थंड झाला. तिसऱ्यांदा कोकिळा नुसतीच शेजारी येऊन बसली. प्रमिलाबाईनं तिचा हात धरला. वाळलेलं पीठ अजून तिच्या बोटांच्या बेचक्यांत होतं.

मुलगी झाली. वजनानं कमी, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण रडत होती. दिपमालाला दोन दिवस धड शुद्ध नव्हती. गावाकडं पाऊस पडला आणि अंगणातला कापूस पिवळा पडला, हे फोनवर कळलं. "बरं," एवढंच प्रमिलाबाई म्हणाली.

ती रोज सकाळी सुनेच्या पलंगाच्या पायथ्याशी बसायची आणि नडगीवर अंगठा दाबायची. पहिल्या दिवशी खळगा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सावकाश भरला. नर्स म्हणायची, "मावशी, किती वेळा बघाल?" ती पांघरूण नीट करायची. डॉक्टरनं तिला सांगितलं होतं की रक्तदाब अजून काही आठवडे मोजावा लागेल, डोकं पुन्हा दुखलं तर लगेच आणायचं, साधं असेल की नसेल ते घरी ठरवायचं नाही. तिनं ते तीनदा म्हणून दाखवलं होतं, शाळेतल्या पोरीगत.

सातव्या दिवशी, शनिवारी, गावी परतलेल्या आबांचा फोन आला. "उद्या रविवार शे. लोकं इचारतस. लीलाधरनं इळा उकिरडावरतून उचली ठेवा शे."

"गवत कापाले लाव म्हना," ती म्हणाली. "आनि कोना घर पोटुशी बाई व्हई, डोकं दुखत व्हई, तं तिले ओटावर बसू दिऊ नका. कोकिळाकडे धाडा."

फोन ठेवून ती पायथ्याशी आली. अंगठा दाबला. काढला. कातडं वर आलं आणि सपाट झालं. तिनं दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं. तिथंही काही राहिलं नाही. तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली, आवाज न करता, सुनेचा पाय मांडीवर घेऊन.

दिपमाला जागी होती. तिची बोटं जोडव्यांवाचून उघडी, लहान पोरीसारखी दिसत होती. सासूला रडताना पाहून ती घाबरली. तिला वाटलं, काहीतरी वाईट आहे आणि आपल्याला सांगत नाहीत.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "तिसरी रेघ ऱ्हाई गयी ना?"

"हा बेटा," प्रमिलाबाई म्हणाली. "ऱ्हाई गयी." तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुनेचा पाय पांघरुणाखाली सरकवला. "म्हनीसनच तू शे."